ठमी हलली नाही

नाक मुरडू नका, मी डुक्करीण बोलतेय. सगळे मला ठमी म्हणतात. नाव ठेवलं तेव्हा मी होतेच तशी, गोल गरगरीत.

पहिल्या खेपेला मला अकरा पिलं झाली. एकजात हावरट! दिवसभर लुचायची आणि मी आडवी पडून डोळे मिटायची. पण त्यांचं दूध तोडलं, तेव्हा माझ्या बरगड्या लांबूनही दिसत होत्या.

दूध तुटलं की आठवड्याभरात आम्ही पुन्हा माजावर येतो. शेजारच्या सगळ्या आल्या. मी आपली खाऊन झोपून मोकळी!

आमचा गोठा मालकीणबाई आणि त्यांचे धाकटे दीर मिळून चालवतात. दीर रोज माझी पाठ दोन्ही हातांनी दाबून बघायचे. माजावर आलेली डुक्करीण अशा वेळी खांबासारखी उभी राहते. मी किंचाळून पळायची.

शेवटी ते वैतागले. "वहिनी, ही वांझच राहणार. बसवून किती दिवस पोसायची? उद्या खाटकाला बोलावतो."

"भावजी, अकरा जणांना पाजलंय तिने. जरा दम धरा. आधी डॉक्टरीणबाईंना दाखवू."

खाटीक हा शब्द मला चांगला कळतो. तरी घमेलं चाटूनपुसून संपवलं. भीती वेगळी, भूक वेगळी.

डॉक्टरीणबाईंनी माझ्या कण्यावरून बोट फिरवलं आणि त्या म्हणाल्या, "वांझ कसली? खंगलीय बिचारी. पिलं लुचत असतात तोवर हिचा मेंदू अंडाशयांना झोपवून ठेवतो. दूध तुटलं की तो रक्तातून संप्रेरकं पाठवून त्यांना उठवतो. मग बीजं पिकतात, अंडाशय आपलं संप्रेरक सोडतात आणि ही माजावर येते. पण अंगात काही उरलंच नसेल, तर मेंदू म्हणतो, एवढ्यात नको."

"मग सुई टोचा की," दीर म्हणाले.

"आधी पोटभर खायला घाला. रोज नराजवळ न्या, त्याच्या वासानेही मेंदू जागा होतो. तरी नाही जमलं, तर सुई आहेच."

खाटीक पुढे ढकलला गेला. मला दुप्पट खाणं सुरू झालं. रोज मला नराच्या जाळीशी उभं करायचे. तोंडाला फेस आणून घुरघुरणारं ते धूड! मी सरळ पाठ फिरवायची.

एका सकाळी मात्र तोच वास गोड वाटला. कान आपोआप ताठ झाले. दीरांनी सवयीने पाठ दाबली आणि माझे पाय जमिनीत रुतल्यासारखे झाले. त्यांनी आणखी जोर लावला, मग सगळा भार टाकून पाठीवर आडवेच झाले.

"वहिनी! हलत नाहीये! हलतच नाही ही!"

मालकीणबाई ओल्या हातांनी धावत आल्या. "उतरा भावजी! तिला नर हवाय, दीर नको."

ते इतके हसले, की उतरताना घसरून पडले.

त्याच दिवशी मला नराकडे सोडलं. तीन आठवड्यांनी पुन्हा माज आलाच नाही, आणि या वेळी कुणी वैतागलं नाही. गर्भ राहिला की शांत ठेवणारं संप्रेरक टिकतं, माज थांबतो, असं डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं.

आता माझं पोट जमिनीला टेकायला आलंय. सकाळपासून मी तोंडाने पेंढा ओढून कोपऱ्यात गोळा करतेय. का, ते विचाराल तर अंगच सांगतंय. दीर मगाशी न मागता आणखी एक भारा टाकून गेले आणि तिथेच उकिडवे बसून राहिलेत.

बरं, आता जरा बाजूला व्हा. मला आडवं व्हायचंय, आतून घाई सुरू झालीय.