नासलेलं दूध आणि तीन गोळ्या

राम घाटाच्या वरच्या धर्मशाळेत त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. पुढे बायका, मागे त्यांचे नवरे, दारात चपलांचा ढीग आणि गादीवर साक्षात दूधबाबा. बाबांचं पोट त्यांच्या कीर्तीबरोबर वाढत चाललं होतं.

"बेटी, दवाई निकालो."

समोरच्या बाईनं पर्समधून गोळी काढली. बाबांनी ती वाफाळत्या दुधाच्या वाटीत टाकली, गादीखालून चांदीचा चमचा काढून ढवळलं आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. बघता बघता दूध नासलं. गुठळ्या एकीकडे, हिरवट पाणी एकीकडे.

"देखा? जो दूध को फाड़े, वो कोख को क्या छोड़ेगी?"

सगळ्या बायका हळहळल्या. दुसऱ्या वाटीत बाबांनी चिमूटभर अंगारा टाकला आणि बोटानं ढवळलं. ते दूध जसंच्या तसं राहिलं. मग काय, जयजयकार! अंग्रेजी दवा क्षिप्रामैय्याला अर्पण करायची, अंगारा खायचा, की वर्षाच्या आत पाळणा हलणार, अशी बाबांची हमी होती. हमी अर्थातच तोंडी होती.

तिसऱ्या रांगेत विजयाताईंचा जीव कासावीस झाला होता. शेजारी त्यांची लेक भार्गवी बसली होती. तिचे पाय इतके सुजले होते की चपलेचा पट्टा लागत नव्हता. काही वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा विजयाताईंनी आपली एक दिली होती. ती परकी समजून शरीरानं झिडकारू नये म्हणून भार्गवीला रोज तीन प्रकारच्या गोळ्या घ्याव्या लागत. एकादशीला तिनं त्या सगळ्या नदीत सोडल्या होत्या. आईला हे तिनं आज सकाळी सांगितलं आणि 'एकदा डोळ्यांनी बघ, मग बोल' म्हणत इथं घेऊन आली.

"अगं, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल," विजयाताई कळवळून म्हणाल्या.

"थोडं थांब ना आई. आपला नंबर आलाच समज."

"तुझे पाय बघ जरा!"

"सासरच्यांनी नणंदेच्या डोहाळजेवणाला मला बोलावलंच नाही," भार्गवी त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "मी ओटी भरलेली चालणार नव्हती त्यांना. नवरा असून मंदारसुद्धा गप्प बसला. मला मूल हवंय, आई. त्यात मेले तरी चालेल."

विजयाताईंना रडू फुटणार होतं. पण त्यांची नजर बाबांच्या हातावर खिळली होती. गोळीच्या वाटीला गादीखालचा नवा चमचा, अंगाऱ्याच्या वाटीला बोट. प्रत्येक वेळी तसंच. जन्मभर दूध तापवलेल्या बाईला हे खटकायचंच.

नंबर पुकारला गेला. भार्गवीच्या आधी विजयाताईच पुढे गेल्या.

"माताजी, दवाई?"

"दवाई नहीं है. खाली दूध में चम्मच घुमा दीजिए."

"बिना दवाई के क्या होगा?"

"वही तो देखना है, महाराज."

बाबांनी काढून ठेवलेला नवा चमचा परत गादीखाली सरकवायला घेतला. विजयाताईंनी तो चक्क हिसकावला आणि वाटीत फिरवला. गोळी नाही, मंत्र नाही, तरी दूध नासलं! मग त्यांनी शेजारच्या बाईची गोळी मागून घेतली, दुसऱ्या वाटीत टाकली आणि आपल्या बोटानं ढवळली. ते दूध शांतपणे वाफाळत राहिलं.

विजयाताईंनी चमचा जिभेला लावला. "निंबूसत है! इसी से तो हम घर में पनीर बनाते हैं." मग लेकीकडे वळून म्हणाल्या, "चमच्यावर या लिंबाच्या सताचं दाट पाणी वाळवून ठेवलंय. दूध यानं फाटतं, गोळीनं नाही!"

"माताजी की दृष्टि अपवित्र है," असं बडबडत बाबा मागच्या दारानं सटकले. बायका एकमेकींची तोंडं बघू लागल्या. एक जण तर अंगारा आज मिळणार की उद्या, तेच विचारत होती.

भार्गवी जागची हलली नाही. "चमचा खोटा असेल, आई. पण डॉक्टरांनीच सांगितलं होतं की माझ्या गोळीनं बाळात व्यंग येऊ शकतं. बाबांनी तेच तर सांगितलं!"

विजयाताईंनी तिला उठवलं, रिक्षात बसवलं आणि थेट दवाखाना गाठला.

भार्गवीवर सुरुवातीपासून उपचार करणाऱ्या डॉक्टर स्नेहांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला. त्यांचा चेहरा उतरला.

"तीनपैकी एकच औषध गर्भाला घातक आहे," त्या म्हणाल्या. "ते मी बदलून दुसरं देणार होते. मग काही महिने किडनी ठीक चालते का बघायचं आणि मग मुलाचा विचार. बाकीची दोन तर गरोदरपणातही चालू ठेवावी लागतात. बीपी वाढतं, बाळ लवकर जन्मतं, म्हणून फार जपावं लागतं. पण किडनी बदललेल्या कितीतरी बायका आई होतात गं."

"तुम्ही तर नको म्हणाला होतात."

"आत्ता नको म्हणाले होते, भार्गवी. कधीच नको, असं नाही. मी जरा बसून समजावायला हवं होतं."

विजयाताईंनी विचारलं, "किडनी वाचेल ना?"

"शरीरानं तिच्यावर हल्ला केलाय. इंजेक्शनं लगेच सुरू करते. खात्री देता येत नाही."

"आणि मूल?" भार्गवीनं विचारलं.

डॉक्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आधी किडनी."

भार्गवीनं आईचा हात घट्ट धरला. "आई, तुझी किडनी मी नदीत टाकली गं."

बाबा उद्या दुसऱ्या घाटावर गादी टाकतील. कुणी चमत्कार दाखवला तर त्याचा चमचा हातात घेऊन बघा. औषधाची भीती वाटली तर ती डॉक्टरांपुढे बोलून दाखवा, उत्तर नाही समजलं तर पुन्हा विचारा, त्यांना बसवून विचारा. पण विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. विजयाताईंनी त्या संध्याकाळी डॉक्टरांना हात जोडून सांगितलं, माझी दुसरीही काढून घ्या. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. जगायला आईलाही एक लागते.