ताडबनाच्या विसाव्याचं वर्ष

प्रश्न विचारायला आलेली मुलगी शहरातून, एर्मोसिय्योहून आली होती. तिचे बूट इतके स्वच्छ होते की फेलिसितासला आपल्या मातीच्या जमिनीची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून ती स्वतःवरच चिडली. जमीन सकाळीच पाणी शिंपडून झाडली होती. आणखी काय करायचं होतं?

मुलीचं नाव यादिरा. तिच्याकडे चौदा पानांचा फॉर्म होता.

"पिमा घरं आणि मेक्सिकन घरं, दोन्हीकडे तेच प्रश्न विचारतेय, बाई. मग तुलना करायची. कुणाकडे काय आहे, कुणाकडे काय नाही."

ते तर इथल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे, असं फेलिसितासच्या ओठांवर आलं होतं. पण पाहुण्यासमोर आवाज चढवायचा नाही, ही पिमांची रीत. तिनं कॉफीचा कप पुढे सरकवला आणि खाली बघत उत्तरं दिली.

एल कोर्दोन गावात ओढ्याच्या अलीकडे पिमा, म्हणजे इथले मूळचे आदिवासी, राहतात आणि पलीकडे गोरे. गोरे म्हणजे मेक्सिकनच, उन्हात रापून भाजलेल्या भाकरीसारखे झालेले. पण पिमा नाहीत एवढ्या भांडवलावर त्यांनी गोरे हे नाव पटकावलं. खडीचा रस्ता त्यांच्या वस्तीपर्यंत येतो आणि थांबतो. पाण्याचा पाइपही चर्चपर्यंत येऊन थांबतो. शाळा तिकडे, दवाखाना तिकडे, गुरं तिकडे. इकडे काय, तर कुंपणाचे खड्डे खणणारे हात आणि कपडे धुणाऱ्या बायका. मागे डॉक्टर आले तेव्हा मात्र दोन्हीकडचं रक्त सारखंच बाटलीत भरून नेलं होतं. सीमेपलीकडे अमेरिकेत, अ‍ॅरिझोनात, तुमचे भाऊबंद साखरेच्या आजारानं बेजार आहेत आणि तुम्ही कसे ठणठणीत, असं त्यांना कौतुक वाटलं होतं. रोज दोन डोंगर चढून दुसऱ्याचा मका खुरपायला जा, तुम्हीही ठणठणीत राहाल, असं तेव्हाही कुणी म्हणालं नव्हतं.

"फ्रिज?"

"नाही."

"गाय?"

"एक होती. पलीकडच्या दॉन एवारिस्तोच्या कळपात चरायला गेली, ती परत आलीच नाही."

"असं लिहायला जागा नाही हो. आहे की नाही, तेवढंच."

"नाही, मग."

असं करत एक्केचाळिसावा प्रश्न आला. "मागच्या बारा महिन्यांत तुमच्या घरानं एहिदोची, म्हणजे गावाच्या सामाईक मालकीची जमीन वापरली का? ताडबन वगैरे?"

इथे फेलिसितासनं पहिल्यांदा मान वर केली. ताडबन तिच्या जिवाचा विषय होता. जमिनीत अर्धवट खणलेल्या ओलसर खोलीत, हुकीत, बसून ती ताडाच्या पानांच्या टोप्या, टोपल्या, चटया विणायची. पान तिथल्या गारव्यात मऊ राहतं, बाहेर काढलं की कडक होऊन मोडतं. नवरा गेल्यावर दोन मुली याच कामावर वाढवल्या. आणि ताडबनाचा नियम कडक होता. तीन वर्षं कापायचं, तेही प्रत्येक झाडाचं मधलं एकच मिटलेलं पान. चौथं वर्ष विसाव्याचं. त्या वर्षी बनात कोयता न्यायचा नाही, गळालेलं पानही उचलायचं नाही, साठवलेल्यावर भागवायचं. हे चौथं वर्ष होतं. या वर्षी "वापरलं" म्हणणं म्हणजे स्वतःच्या तोंडानं चोरी कबूल करणं.

"नाही! अजिबात नाही," ती छाती काढून म्हणाली. "पातं लावलेलं नाही आम्ही. कुणालाही विचारा."

यादिरानं विचारलंही. एकतीस पिमा घरांनी तेच उत्तर दिलं, तितक्याच अभिमानानं.

दोन महिन्यांनी तक्ता आला. किराणा दुकानाच्या दारावर तो चिकटवला होता. फेलिसितास तिसरीपर्यंत शिकलेली. बोट फिरवत तिनं वाचलं. सिमेंटची जमीन, मेक्सिकन इतके, पिमा इतके. चपला, बूट, वर्षं शाळेची. सगळं ठाऊक असलेलंच. शेवटची ओळ होती सामाईक जमिनीच्या वापराची. मेक्सिकन घरं, शंभरात अठ्ठ्याऐंशी. पिमा घरं, शून्य.

तिनं ती ओळ तीनदा वाचली.

"काय कोमाद्रे, आवडला का तक्ता?" मागून आवाज आला. दॉन एवारिस्तो तेरान, एहिदोचा अध्यक्ष. फेलिसितासच्या धाकटीला बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानंच हातांवर धरलं होतं, म्हणून ती त्याची कोमाद्रे आणि तो तिचा कोम्पाद्रे. त्या नात्यापायी ती एकोणीस वर्षं त्याच्या घरचे कपडे धूत होती आणि तो तिला एकोणीस वर्षं जुने कपडे देत होता.

"हे खोटं आहे, कोम्पाद्रे. बन आमचं आहे. आम्हीच तर तिथं..."

"मी कुठं म्हणतोय? तुम्हीच सांगितलंत ना. कागदाला काय, सांगाल ते लिहितो." तो हसला. "रविवारी सभा आहे. एहिदोच्या नियमात ओळ आहे, वापरात नसलेली सामाईक जमीन गरज असलेल्या गटाला देता येते. आम्हाला गुरांना चारा हवाय. कुंपण घालू. तुमच्या माणसांना खड्डे खणायची मजुरी मिळेल. घाबरू नकोस, तुझ्या भावाचं नाव पहिलं घालतो."

फेलिसितासच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या अठ्ठ्याऐंशी टक्के घरांचा वापर म्हणजे काय, हे तिला चांगलं माहीत होतं. विसाव्याच्या वर्षी बन मोकळं दिसलं की हे गुरं घुसवायचे, आणि गुरं कोवळी झाडं मुळापासून खायची. चोरानं छाती ठोकून हो म्हटलं तर त्याचा वापर होतो, आणि राखणारा नाही म्हणाला की त्याचं शून्य!

ती तडक शाळेत गेली. तक्ता घेऊन आलेली यादिरा तिथंच उतरली होती.

"बदल ते."

"बाई, उत्तर बदलता येत नाही मला." मुलगी खरंच कावरीबावरी झाली. "प्रश्न बारा महिन्यांचाच होता. तुम्ही म्हणालात..."

"तू विसाव्याचं कुठं विचारलंस?"

"मला माहीतच नव्हतं तसं काही असतं." तिनं जरा विचार केला. "पण सभेच्या आधी वापराचा पुरावा दिसला, तर मी टीप जोडू शकते. म्हणजे ताजी कापलेली पानं वगैरे. माझ्या सहीनं. मग बन वापरात आहे असं ठरेल, आणि त्यांना ते देता येणार नाही."

त्या संध्याकाळी फेलिसितास मामाकडे गेली. लिबोरियो तिच्या आईचा भाऊ आणि पिमांचा मुखिया. ऐंशीचा म्हातारा, दारात मक्याची कणसं सोलत बसलेला.

"या वर्षी पातं लावायचं नाही," तो ऐकून म्हणाला.

"बनच जातंय, मामा! बन गेल्यावर विसावा कुणाला देणार? तेरानच्या बैलांना?"

"झाडांना तुझी सभा माहीत नाही, पोरी. तीन वर्षं दिलंय त्यांनी. आता ओढलंस तर काही मरतील."

"काही मरतील. नाहीतर सगळी मरतील."

"हे तू त्यांच्यासारखं बोलतेस," लिबोरियो म्हणाला आणि पुन्हा कणसं सोलू लागला.

ते वाक्य तिला काट्यासारखं रुतलं. तरी दुसऱ्या दिवशी उजाडताच ती कोयता घेऊन बनात गेली. झाडं नुकतीच भरत होती, मधली पानं अजून बोटभर जाडीचीही नव्हती. तिनं दहा झाडं निवडली, मोठी, सोसतील अशी. पहिलं पान कापताना तिचा हात अडला. आईनं शिकवलेलं तसं तिनं झाडाच्या बुंध्याला हात लावला, पण म्हणायचे शब्द तिला म्हणवेनात. विसाव्याच्या वर्षासाठी शब्दच नव्हते. तिनं दात-ओठ खात दहाही पानं कापली आणि रडत नाही म्हणून स्वतःला शिव्या दिल्या.

रविवारी सभागृह भरलं. एहिदोत मत असलेले पिमा बारा, गोरे सव्वीस. गोरे पुढच्या खुर्च्यांवर बसले होते, पिमा भिंतीला टेकून उभे. फेलिसितासला गेलेल्या नवऱ्याचं मत वारशानं मिळालं होतं. तिनं पानांची जुडी अध्यक्षाच्या टेबलावर ठेवली.

"हा वापर. कालच कापली. सेन्योरिता यादिरानं टीप लिहिली आहे."

यादिरानं उठून टीप वाचून दाखवली. तिनं ती सहीसकट सगळी वाचली. भिंतीजवळ कुजबुज झाली. फेलिसितासला क्षणभर वाटलं, जमलं.

एवारिस्तोनं जुडीतलं एक पान उचललं आणि उलटसुलट करून पाहिलं. गुरं पारखणारा माणूस तो, पानही पारखायचा.

"किती कोवळं आहे हे," तो हळहळल्यासारखा म्हणाला. "दॉन लिबोरियो, तुम्ही मुखिया. तुम्हीच सांगा. तुमच्या रीतीप्रमाणे या वर्षी पान कापायचं असतं का?"

सगळे म्हाताऱ्याकडे वळले. फेलिसितासनं त्याच्याकडे पाहिलं नाही. खोटं बोल मामा, एकदाच, ती मनात ओरडत होती. त्याला खोटं येत नव्हतं, तिलाही येत नव्हतं, एकतीस घरांत कुणालाच येत नव्हतं, आणि समोरच्या माणसानं त्यावरच तर सगळं उभं केलं होतं.

"नसतं," लिबोरियो म्हणाला.

"ऐकलंत?" एवारिस्तोनं पान टेबलावर टाकलं. "हा वापर नव्हे, ही नासधूस. माझी कोमाद्रे आहे म्हणून मी जास्त बोलत नाही. पण बन वाचवायचं असेल तर कुंपण हवंच. हे लोक स्वतःचीच रीत पाळत नाहीत. हात वर करा."

सव्वीस हात वर झाले. तिच्याकडून टोप्या घेणारा दुकानदार, तिच्या मुलींना शिकवणारा मास्तर, ज्याच्या बायकोचं बाळंतपण तिनं केलं तो लोहार. मास्तरानं हात वर करताना खिडकीबाहेर पाहिलं. ठराव झाला.

फेलिसितास बाहेर आली. मीच केलं, मी नाही म्हणाले, मग मीच कापलं, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. सभागृहामागे दरीच्या कडेला एवारिस्तोचा ट्रक उभा होता आणि तिचा धाकटा भाऊ चानो त्यातून काटेरी तारेची भेंडोळी उतरवत होता. मोठमोठी सहा भेंडोळी. तळहातांवर रक्त आलेलं.

"आत्ता हात वर झाले," ती म्हणाली. "इतक्यात तार कुठून आली?"

चानोनं रक्ताळलेले तळहात विजारीला पुसले.

"चानो. तार कधी आली?"

"ईस्टरच्या आधी," तो खालच्या आवाजात म्हणाला. "त्याच्या गोठ्यात ठेवली होती. मीच उतरवली. गोठ्याच्या कुंपणासाठी आहे म्हणाला."

ईस्टरच्या आधी. यादिरा गावात आली ती ईस्टरनंतर तीन आठवड्यांनी. म्हणजे फॉर्म आला नव्हता, प्रश्न आला नव्हता, तिनं नाही म्हटलं नव्हतं, तेव्हा तार गोठ्यात येऊन पडली होती. तिनं नाही म्हटलं काय, हो म्हटलं काय, पान कापलं काय, न कापलं काय. दहा झाडं फुकट.

यादिरा मागे येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "बाई, मला खरंच माहीत नव्हतं," ती रडवेली होऊन म्हणाली.

"नव्हतं तुला माहीत," फेलिसितास म्हणाली. "तरी तुझ्यावाचून त्यांचं काम झालं नसतं. तारेला कागद लागत होता. तो तू आणून दिलास."

मग ती वाकली. पहिल्या भेंडोळ्याला तिनं दोन्ही हात लावले, काटे घुसले तसे घुसू दिले, आणि रेटलं. भेंडोळं कडेवरून गेलं आणि खडकांवर आपटत, उलगडत दरीत दिसेनासं झालं. आवाजानं सभागृहातले लोक बाहेर धावले. तिनं दुसरं ढकललं. तिसरं.

"ए फेली! वेड लागलं का तुला?" एवारिस्तो ओरडत आला. "थांब! पोलिसांना बोलावतो मी!"

एकोणीस वर्षांत तिनं त्याच्यासमोर आवाज चढवला नव्हता. "बोलाव, एवारिस्तो!" ती ओरडली, आणि तिचा आवाज ओढ्यापलीकडे पिमांच्या घरांपर्यंत गेला. "तार ईस्टरच्या आधी आणलीस आणि आम्हाला नंतर विचारलंस! सांग ना इथं सगळ्यांना! ज्या पोरीला बाप्तिस्म्याला धरलंस तिच्या तोंडातला घास काढलास तू! मला फेली नाही म्हणायचं. माझं नाव फेलिसितास लाओ!"

चौथं गेलं. पाचव्याला तिचे हात रक्तानं घसरू लागले, तरी गेलं. एवारिस्तोनं सहाव्यावर पाय ठेवला.

"चानो, पकड हिला. तुझी मजुरी देतोय मी."

चानो त्याच्याकडे बघत उभा राहिला. गर्दीतून लिबोरियो हळूहळू पुढे आला. टेबलावरची पानं तो छातीशी धरून घेऊन आला होता. चानोनं म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग बहिणीच्या हातांकडे. मग तो पुढे झाला, एवारिस्तोचा पाय बाजूला सारला आणि सहावं भेंडोळं त्यानं एकट्यानं ढकलून दिलं.