आत माणूस आहे

"आता मी नाही," असं म्हणून मिस्तरींनी तांबडी पाटी खुर्चीच्या पाठीला अडकवली आणि हात मांडीवर ठेवून खिडकीकडे तोंड करून बसले.

मिस्तरीणबाई ओटा पुसता पुसता फडक्यासकट दारात आल्या. "नाही म्हणजे? कुठे निघालात?"

मिस्तरींनी मान वळवली नाही.

"अहो, चहा निवतोय."

"मी वारलो," मिस्तरी खिडकीकडे बघतच म्हणाले. "वारलेला माणूस बोलत नाही, म्हणून हे शेवटचं सांगतो. टेबलावर पाकीट आहे. त्यात आजचं काम लिहिलंय. दहा ते बारा मी मेलेला. बारा वाजता जेवायला उठेन."

"जिभेला काही हाड! फळीवर देव बसलेत, त्यांच्यासमोर असलं अभद्र?"

बाईंनी कप आदळला, थोडं रडून घेतलं, मग फडकं खांद्यावर टाकून रागारागाने पाकीट फाडलं. आत मिस्तरींच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं : 'बँकेला फोन कर. तुझ्या एकटीच्या नावाने खातं उघडायला काय काय लागतं ते विचार. उत्तर लिहून ठेव. खाली तारीख घाल.'

या परक्या मुलखात येऊन बाईंना एकोणीस वर्षं झाली होती. भाजीवालीशी घासाघीस करण्यापुरती इथली भाषा त्यांना येत होती. फोनवर मात्र त्या कधी बोलल्या नव्हत्या; तो मिस्तरींचा प्रांत. त्यांनी दोनदा चुकीचा नंबर लावला. तिसऱ्यांदा लागला.

"हॅलो. मी बायको."

"कोणाची बायको?" पलीकडून विचारणा झाली.

बाईंनी खुर्चीकडे पाहिलं. "मेलेल्याची," त्या म्हणाल्या आणि घाबरून फोन ठेवून दिला.

खुर्चीची पाठ गदागदा हलत होती. मेलेला माणूस हसत होता.

मिस्तरी लिफ्ट दुरुस्त करायचे. तेवीस वर्षं एकच कंपनी, शहरातल्या दीड-दोनशे इमारती आणि खांद्याला तीच कातडी पिशवी. लिफ्टच्या कामात एक नियम देवाच्या नियमासारखा पाळतात. माणूस शाफ्टमध्ये, लिफ्टच्या उभ्या विहिरीत, उतरण्याआधी वर जाऊन मेन स्विच पाडतो आणि त्यावर आपली पाटी लावतो. तांबड्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत तीन शब्द : आत माणूस आहे. ज्याने लावली त्यानेच ती काढायची. मालक ओरडू दे, दहाव्या मजल्यावरचा साहेब पाय आपटू दे, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. लावणारा विसरून घरी गेलाच, तर फोरमनने स्वतः यायचं, दार उघडून वरखाली टॉर्च मारायची, खालच्या खड्ड्यात डोकवायचं, माणसाच्या नावाने तीनदा हाक घालायची. आत कोणी नाही अशी खात्री झाली, तरच पाटी काढायची.

मिस्तरी रोज पाटी पिशवीतून घरी आणायचे आणि जेवणाआधी पुसून ठेवायचे. बाईंना इथल्या लिपीत वाचता आलेले पहिले तीन शब्द तेच.

आदल्या महिन्यात डॉक्टरने मिस्तरींच्या छातीला यंत्र लावून बराच वेळ ऐकलं होतं. हृदयाची झडप निकामी होत चालली होती, आणि वय आणि साखर बघता छाती उघडून नवी बसवण्यात जोखीम होती. "किती दिवस?" मिस्तरींनी विचारलं. डॉक्टर म्हणाला, तसं सांगता येत नाही. वर्षही निघेल, चारही निघतील. मिस्तरी घरी येऊन म्हणाले, "वायसर झिजलाय. चालतंय तोवर चालेल." बाईंनी त्या दिवशी देवापुढे दिवा लावला आणि त्या दोन तास तिथून हलल्या नाहीत.

पण मिस्तरींना मरणाची धास्ती नव्हती. त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती ती खालच्या मजल्यावरची वेल्डरची बायको. वेल्डर तीन वर्षांपूर्वी अचानक गेला. नवऱ्याच्या नावावरचं खातं बँकेने त्याच दिवशी गोठवलं. तिचा राहण्याचा परवाना नवऱ्याच्या परवान्याला जोडलेला, तोही लटकला. विमा होता, पण कोणत्या कंपनीचा, कागद कुठे, काही पत्ता नाही. शेजाऱ्यांनी वर्गणी काढली, आणि ती द्यायला मिस्तरी गेले. दार उघडून त्या बाईने पाकीट घेतलं आणि मान खाली घातली, ती मिस्तरी जिना चढून जाईपर्यंत वर केली नाही. भरल्या घरातली बाई. आदल्या आठवड्यात तिने याच मिस्तरींना हसत हसत चहा दिला होता.

"माझी बायको कोणापुढे मान खाली घालणार नाही," मिस्तरींनी फोरमनला सांगितलं होतं. "कागद करून ठेव म्हणतोस ना? कागद सगळेच करतात. लिफ्ट बसवली म्हणजे झालं का? आपण तार सैल सोडून बघतो, ब्रेक धरतो की नाही. मी मेल्यावर ब्रेक धरतो का ते मी जिवंत असतानाच बघणार."

म्हणून गुरुवार. गुरुवारी मिस्तरींची सुट्टी.

दुसऱ्या गुरुवारी बाई फोनवर चार वाक्यं बोलल्या. तिसऱ्या गुरुवारी मिस्तरींनी त्यांना विम्याच्या कचेरीत एकटं पाठवलं आणि रस्त्यापलीकडच्या बाकावर पाटी मांडीवर घेऊन 'मेलेले' बसून राहिले. हळूहळू घरी एक सवलत सुरू झाली. मेलेल्याने बोलायचं नाही, पण खोकायला हरकत नव्हती. बाई फोनवर काही चुकल्या की खुर्चीतून एक खोकला येई. बरोबर चाललं असलं की दोन. कीर्तनात बुवांची ओळ निसटायला लागली की मागचा झीलकरी हलकेच ध्रुपद उचलून धरतो, आणि समोर बसलेल्यांना कळतही नाही. तसं ते होतं. कागदाखाली तारीख राहिली की मात्र असा खोकला यायचा, की शेजारची म्हातारी भिंत ठोकून विचारायची, "मिस्तरी, काढा देऊ का?"

"बिनतारखेचा कागद म्हणजे बिनदोराची लिफ्ट," बारा वाजता जिवंत झाल्यावर मिस्तरी जेवता जेवता सांगायचे.

"आणि तोंडात घास घेऊन बोलणं म्हणजे?" बाई विचारायच्या.

पाचव्या महिन्यात एका गुरुवारी बाई बँकेचं काम फोनवरून करायला बसल्या. आता त्यांचं स्वतःचं खातं होतं, त्यात दर महिन्याला रक्कम जात होती. सगळं सुरळीत चाललं होतं. पलीकडची बाई म्हणाली, "तुम्हाला एक आकडा पाठवलाय, तो वाचून दाखवा." आणि मिस्तरींच्या सदऱ्याचा खिसा टिंग करून वाजला.

बाई उठल्या. कमरेवर हात ठेवून खुर्चीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मेलेल्याच्या खिशात वाजतंय," त्या म्हणाल्या. "आता काय करू? हात घालू? आणि तुम्हाला घेऊन गेल्यावर कोणाच्या खिशात हात घालू? बिल भरलं नाही म्हणून तुमचा नंबर बंद होईल, मग तो आकडा देवाघरी वाजेल का?"

मिस्तरी हळूच उठले, खुर्चीवरची पाटी काढली. घड्याळात पावणेअकरा झाले होते. मुदतीआधी ते जिवंत झाले असं एवढ्या महिन्यांत एकदाच घडलं.

"चप्पल घाल," ते म्हणाले. "तुझ्या नावाचा नंबर घेऊन येऊ."

त्या संध्याकाळी फोरमन आला, तर मिस्तरींच्या तोंडी तेच. "मी एवढे महिने डोकं फोडून जे बांधलं, त्यातलं भोक हिने एका वाक्यात दाखवलं. हिला शाळेत घातली असती ना, तर तुझ्या खुर्चीवर बसली असती."

"माझ्या नको, मालकाच्या खुर्चीवर बसू दे," फोरमन म्हणाला. "वहिनी, पगारवाढ करा आमची."

परवान्याचं काम सगळ्यात अवघड. इतकी वर्षं इथे राहिल्यावर बाईंना स्वतःच्या नावाचा परवाना मागता येत होता, पण त्यासाठी साहेबासमोर एकटीने, दुभाष्याशिवाय बोलावं लागायचं. तारीख आली ती नेमकी गुरुवारची. मिस्तरींना बाहेर थांबवलं. आत साहेबाने चष्म्यावरून पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला :

"तुमचे पती काय करतात?"

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. सव्वादहा. त्या सरळ स्वभावाच्या. देवाशपथ खरं सांगेन असं आताच कागदावर लिहून दिलेलं.

"आज वारलेत," त्या म्हणाल्या.

साहेबाच्या हातातलं पेन पडलं. तो उठून उभाच राहिला. "आज? आणि तुम्ही इथे?"

"बारा वाजता उठतील," बाई धीर देत म्हणाल्या. "बाहेर बाकावर बसलेत. दर गुरुवारी मरतात. मी एकटी पडले तर मला जमेल का, ते बघतात."

साहेबाने दार किलकिलं करून पाहिलं. बाकावर एक टक्कल पडलेला माणूस तांबडी पाटी मांडीवर घेऊन डोळे मिटून बसला होता आणि त्याचे ओठ हलत होते. नामस्मरण चाललं होतं. साहेब परत येऊन बसला. पुढचे प्रश्न त्याने फार हळू आवाजात विचारले. सगळ्यांची उत्तरं बाईंनी दिली. सही केली आणि कोणी न खोकता तारीख घातली.

परवाना आला तेव्हा बाईंनी तो आधी देवासमोर ठेवला. मिस्तरींनी त्यावरचं बायकोचं नाव बोट फिरवत वाचलं. लग्नाच्या पत्रिकेनंतर ते नाव छापलेलं ते पहिल्यांदाच पाहत होते.

"आता गुरुवार बंद करू या," बाई म्हणाल्या.

"करू. विजेचं तेवढं राहिलंय. मीटर तुझ्या नावावर झालं की बंद."

तो गुरुवार लख्ख उन्हाचा होता. मिस्तरींनी दहाला पाटी अडकवली आणि खिडकीकडे तोंड करून बसले. बाईंनी वीज कचेरीला फोन लावला. आता त्यांना कागद बघावा लागत नव्हता. नाव सांगितलं, पत्ता सांगितला. खुर्चीतून दोन खोकले आले. पलीकडचा माणूस दुसऱ्या कोणाला तरी विचारायला गेला, बाई फोन कानाला लावून थांबल्या, आणि मध्येच त्यांना गंमत सुचली. तो परत आला तेव्हा त्यांनी मीटरचा नंबर मुद्दाम चुकीचा सांगितला, शेवटचे दोन आकडे उलटे, आणि हसू दाबून खोकल्याची वाट पाहिली.

खोकला आला नाही.

"हा नंबर जुळत नाही, बाई," पलीकडचा म्हणाला.

बाईंनी पुन्हा चुकीचाच सांगितला, जरा मोठ्याने.

खिडकीतून ऊन मिस्तरींच्या खांद्यावर आलं होतं. हात मांडीवर होते, रोजच्यासारखे.

बाईंनी फोन ठेवला नाही. श्वास घेतला आणि नंबर बरोबर सांगितला, एकेक आकडा सुटा करून. तारीख विचारली, लिहून घेतली, आभार मानले. काम पुरतं पार पडल्यावर फोन जागेवर ठेवला. मगच त्या खुर्चीपाशी गेल्या आणि जमिनीवर बसून मिस्तरींच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. बारा वाजेपर्यंत त्या तशाच बसून होत्या. कोणास ठाऊक, देवाला एखाद्या वेळी दया येते.

पुढचं सगळं ठरल्याप्रमाणे झालं. बाई स्वतः बँकेत गेल्या, विम्याच्या कचेरीत गेल्या, कंपनीच्या पेन्शनच्या खिडकीवर उभ्या राहिल्या. बँकेतल्या मुलीने रुमालांचा डबा पुढे सरकवला, बाई म्हणाल्या, "मला पेन द्या." शेजाऱ्यांनी वर्गणी काढली होती. बाईंनी पाकीट दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि जिना उतरून वेल्डरच्या बायकोच्या हातात दिलं. दोघी बराच वेळ उंबऱ्यात उभ्या होत्या. मान कोणाचीच खाली नव्हती.

दीड महिन्याने फोरमन आला. मिस्तरींच्या कंपनीतल्या कपाटातला डबा आणि मफलर घेऊन आला. चहा घेतला. इकडचं तिकडचं बोलला. मग त्याची नजर खिडकीजवळच्या खुर्चीवर गेली.

"वहिनी, ती पाटी कंपनीची. नंबर टाकलेला असतो. स्टोअरमध्ये जमा करावी लागेल." तो उठला आणि त्याने हात पुढे केला.

"कोणी लावली ती?" बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या.

"त्यानेच."

"मग?"

फोरमनचा हात थांबला. "माणूस गेला असेल तर फोरमन काढतो, वहिनी. नियमच आहे तसा."

"नियम मला सांगता, भावजी? इतकी वर्षं जेवताना ऐकलाय. आत माणूस नाही याची आधी खात्री करावी लागते."

फोरमनने खोलीभर पाहिलं. चष्मा खिडकीच्या कट्ट्यावर होता, काचा पुसलेल्या. खुंटीवर सदरा, खिसा जरा ओघळलेला. खुर्चीच्या गादीला बसणाऱ्याचा आकार अजून होता. देवाच्या फळीवर परवान्याशेजारी मिस्तरींचा फोन ठेवला होता. त्याने नियमाप्रमाणे हाक मारली. नावाने, एकदा. दुसरी हाक त्याने मारली नाही.

तो खाली बसला. आपल्या पिशवीतून स्टोअरची वही काढली, रकाना शोधला आणि लिहिलं : 'खात्री झाली नाही. पाटी जागेवर.' खाली सही केली.

बाई उठून त्याच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. इथल्या लिपीतली ती ओळ त्यांनी बोट न फिरवता वाचली, सही वाचली, आणि बारीकसा एक खोकला काढला.

"तारीख राहिली, भावजी."