सोनूबाईच्या लग्नाचं चुलवण

मांडवीला सोनूबाईच्या परसात सकाळपासून रांग होती. मधोमध खड्डा, खड्ड्यात कोळसे आणि तिसऱ्यांचे शिंपले, काठावर चिरंजीवबाबा. फणसाला चौकटीतला प्रयोगशाळेचा कागद टांगलेला: शिंपल्यांचं वय पाचशे वर्षं.

“याच चुलीवरचं मी जेवलो,” बाबा सांगत होते. “तेव्हा ऐन तिशीत होतो. राख जिभेवर ठेवा, क्षय पळेल.”

मी कीर्तनवेडा. आख्यानात मार्कंडेय आला की डोळे पुसणारा. चिरंजीव म्हटल्यावर माझेही हात जोडले गेले. पण सोनूबाईचा मुलगा भागोजी महिनाभर क्षयाच्या गोळ्या सोडून राख चाटत होता आणि त्याचा खोकला आता चौथ्या घरात ऐकू येई.

तेवढ्यात कॉलेजचे नेवरेकर सर आले. खाडीकाठची जुनी वस्ती खणणारे. “सोनूबाई, तुम्हाला दिलेली प्रत इथे कशी?”

“इंग्रजी कागद तो. बाबांनीच वाचून दाखवला. म्हणाले, तुझ्या लग्नाचं जेवण शिजलं त्या चुलवणाखाली माझी चूल.”

“आणि सोबत दिलेला कोळशाचा कागद?”

“कोळसा मुका आहे,” बाबा म्हणाले.

“चांगला बोलतो. शंभर वर्षंही झाली नाहीत म्हणतो. शिंपले मी त्याच कोळशातून वेचले, सोनूबाईंच्या समोर. लग्नाला वर्षं पन्नास, हे ठाऊक होतं म्हणूनच तपासायला नेले, शिंपला किती चुकतो ते मोजायला.” सर आमच्याकडे वळले. “वय कार्बनवरून काढतात. झाड हवेतला ताजा कार्बन घेतं. समुद्रात खोलातलं जुनं पाणी वर मिसळतं. त्यातला जुना कार्बन शिंपल्यात बसतो. म्हणून शिंपला जन्मतःच चार-पाचशे वर्षांचा म्हातारा दिसतो. तेवढी वर्षं वजा करायची असतात.”

सोनूबाईने कमरेवर हात ठेवले. “नायतर माझं लगीन शिवाजीम्हाराजांच्या आधी झालं म्हणायचं.” मग ती बाबांकडे वळली. “म्हंजे तू माझ्या लग्नात जेवलास? आहेर काय केलास रे?”

“मी... वरपक्षाकडून होतो.”

“वरपक्षाची सात माणसं होती. सातही मेली.”

रांग हसली. बाबांनी झोळी उचलली आणि एसटी स्टँडची वाट धरली.

त्याच दुपारी भागोजी डॉक्टरांकडे गेला आणि बोलणी खाऊन परत गोळ्यांवर आला. संध्याकाळी मी कीर्तनाला पहिल्या रांगेत होतो. देवावरची माझी श्रद्धा तसूभर कमी झालेली नाही. एवढंच सांगतो: कुणी एक कागद दाखवला की दुसरा मागा, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका.

राख वाया गेली नाही. सोनूबाई त्याच राखेने भांडी घासते, लखलखीत निघतात.