तीन तासांचा आवाज

मी लॅपटॉप बोलतोय. तसा मी रोजच बोलतो, पण ते सगळं बाईंचं. बाई टाइप करतात आणि मी ते मोठ्याने म्हणतो. आज जे सांगतोय ते मात्र माझं स्वतःचं आहे. मला खराब म्हटलं, खोक्यात भरून परत धाडायला सांगितलं. तेव्हा मी गप्प राहिलो, कारण माझ्या हातात काही नव्हतं. आता ऐकून घ्या.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या बायकांनी मला जुळवलं, एकीने पोटात बॅटरी बसवून स्क्रू पिळले, आणि खोक्यावर छापलं गेलं, 'बॅटरी दहा तास'. हे वचन मी दिलेलं नाही. मला कुणी विचारलंही नव्हतं.

मला विकत घेतलं कोचबाईंच्या लेकीने. कोचबाईंनी तलावावर सव्वीस वर्षं पोहणं शिकवलं. घरमालकापासून भाजीवाल्यापर्यंत सगळे त्यांना कोचबाईच म्हणतात. त्यांचा आवाज असा होता म्हणे, की तलावाच्या या टोकाला उभ्या राहून त्या 'गुडघा वाकतोय' म्हणाल्या की पलीकडच्या टोकाला तिघांचे गुडघे सरळ व्हायचे.

मग घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं आणि गळ्याच्या खालच्या बाजूला श्वासासाठी एक छिद्र ठेवलं. आता बाईंचा श्वास तिथूनच चालतो. त्यामुळे त्यांना शिट्टी फुंकता येत नाही आणि पाण्यात उतरायची सक्त मनाई आहे.

शस्त्रक्रियेआधीचे बारा दिवस बाईंनी मोबाइलसमोर बसून वाक्यांमागून वाक्यं वाचली होती. त्यातून त्यांचा आवाज तयार केला गेला आणि तो माझ्यात घातला. जरा सपाट आहे, रागावला तरी चढत नाही, पण आवाज त्यांचाच. मी पहिल्यांदा बोललो तेव्हा लेक स्वयंपाकघरात होती. "काय गं आई?" म्हणत ती धावत आली आणि दारातच थबकली. बाईंनी टाइप केलं होतं, 'दूध उतू जातंय.' दूध खरंच उतू गेलं.

आता माझ्या दुखण्याकडे येतो. लेक दुसऱ्या शहरात नोकरी करते. परत निघायच्या आदल्या दुपारी, बाई जरा पडल्या होत्या तेव्हा, तिने माझ्यात आणखी एक प्रोग्रॅम टाकला. त्याचं नाव 'हितचिंतक'. आजारी किंवा एकट्या राहणाऱ्या माणसांवर लक्ष ठेवण्यासाठी तो बनवलेला. तो खोलीतले आवाज ऐकायचा, पडद्यावर काय उमटतंय त्याचे फोटो काढायचा आणि सगळं लेकीच्या मोबाइलवर पाठवायचा. थांबायचं त्याला ठाऊकच नव्हतं. बाई झोपल्या की मीही मिटायचो, पण हा माझ्या पोटात जागाच. सकाळी बाई मला पिशवीतून काढायच्या तेव्हा मी तापलेला असायचो. दहा तासांचं सोडा, तीन तासांत माझा जीव जायचा.

मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण मी बोलतो ते बाईंनी लिहिलेलं. स्वतःच्या पोटात काय दुखतंय हे सांगायची सोय माझ्यात नाही.

बरं वाटू लागल्यावर बाईंनी तलावाच्या व्यवस्थापकाला पत्र लिहिलं, की मला माझी तुकडी परत द्या. व्यवस्थापक भला माणूस, पण घाबरट. बऱ्याच चालढकलीनंतर त्याने नवशिक्या बायकांची सहाजणींची तुकडी एका सकाळपुरती दिली. पाण्यात जीवरक्षक राहील आणि काठावरून बाई शिकवतील, असं ठरलं.

त्या सकाळी बाई काठावर उंच स्टुलावर बसल्या आणि मी त्यांच्या मांडीवर. पहिल्या तासाला मी झकास बोललो. दुसऱ्यालाही. मग एक शिंपीण होती, चाळिशीची, पाण्याला भयंकर भ्यायची. तिने बाईंच्या सांगण्यावरून पहिल्यांदा काठ सोडला. बाई लिहीत होत्या, मी म्हणत होतो, 'मान पाण्यावर ठेव, पाय लांब, श्वास सोड, आता...' आणि मी विझलो.

ती शिंपीण पाण्यात 'आता'च्या पुढचं ऐकायला थांबली, आणि थांबल्यावर बुडायला लागली. कोचबाईंनी शेजारची फळी उचलून फरशीवर धाडधाड आपटली. जीवरक्षकाचं लक्ष गेलं, त्याने तिला उचललं. तिला काही झालं नाही, थोडं पाणी नाकात गेलं एवढंच. पण व्यवस्थापक धावत आला. त्याने बाईंना कार्यालयात नेलं, खुर्ची दिली आणि आवाज मऊ करून म्हणाला, "बाई, इथे भिंतीला प्लग आहे. तुम्ही आत बसून नावनोंदणी बघा. मानाने राहा. काठावरचं आता नको."

माझी वायर प्लगात घातली गेली. मी जागा झालो. बाईंनी दोनच शब्द लिहिले आणि मी ते म्हणालो. "उद्या येते."

दुसऱ्या दिवशी आम्ही तलावावर गेलो नाही, दुकानात गेलो. दुरुस्तीवाल्याने मला उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाला, "मावशी, नवीन मशीन आहे, सुरुवातीला असं होतं." बाईंनी विचारलं, असं म्हणजे कसं? त्यावर तो म्हणाला की पीसच खराब असेल, परत पाठवून टाका, महिनाभरात दुसरा येईल. खराब! ज्याने माझं पोट उघडूनही पाहिलं नाही, त्याने मला खराब ठरवलं. आणि महिनाभर बाईंनी काय मुकं राहायचं?

बाई उठल्या. पण जाण्याआधी त्यांनी त्याच्याकडून एक गोष्ट करवून घेतली. बॅटरीत मुळात किती ताकद होती आणि आता किती भरते याचा अहवाल माझ्यातूनच काढता येतो, तो त्याला काढायला लावला. शंभरातले नव्व्याण्णव निघाले. बॅटरी धडधाकट होती. दुरुस्तीवाला कान खाजवत म्हणाला, "मग काय कळत नाही बुवा."

कोचबाईंना कळत होतं. धडधाकट माणूस वेळेच्या आधी दमतो तेव्हा तो कुठेतरी नको तिथे ताकद घालवत असतो, हे शोधण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. घरी येऊन त्यांनी पोहणाऱ्यांच्या वेळा लिहायची वही काढली आणि माझं पान सुरू केलं. एका दिवशी एकच बदल. पहिल्या दिवशी पडद्याचा उजेड निम्मा केला, पंचवीस मिनिटं वाढली. दुसऱ्या दिवशी बटणांखालचे दिवे बंद केले, दहा मिनिटं. तिसऱ्या दिवशी पडद्यावर उघडून ठेवलेली इंटरनेटची सतरा पानं मिटली, पंधरा मिनिटं. चौथ्या दिवशी मला मिटून न ठेवता पूर्ण बंद केलं आणि सकाळी मी पहिल्यांदाच गार लागलो. बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. म्हणजे मिटल्यावरही आत कुणीतरी जागं असतं, हे त्यांनी ओळखलं.

पाचव्या दिवशी त्यांनी यादी उघडली. कोणता प्रोग्रॅम किती बॅटरी खातो, याची यादी. मी ती मोठ्या हौसेने दाखवली. आयुष्यात काही दाखवायची एवढी घाई मला कधी झाली नव्हती. सगळ्यात वर, जवळजवळ निम्मी बॅटरी गिळून, 'हितचिंतक'.

तो काय करतो ते बाईंनी वाचलं. मग खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा त्यांनी लिहिलं आणि मी रिकाम्या खोलीत म्हणालो, "हे तू ऐकतेयसच. शनिवारी घरी ये."

लेक शनिवारी आली. बॅग खांद्यावर तशीच ठेवून दारातच म्हणाली की चुकलं असेल माझं, पण त्या दिवशीचं तू विसरलीस. तो दिवस असा. दवाखान्यातून आल्यावर तिसऱ्याच दिवशी बाई न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या. लेक पलीकडच्या खोलीत होती, पण हाक मारायला आवाज नव्हता. पाऊण तास बाई दारावर हात मारत होत्या आणि लेकीला वाटलं शेजारी काहीतरी ठोकतायत.

"पाऊण तास, आई," लेक म्हणाली. "मी गाणी लावून कपड्यांच्या घड्या घालत होते."

बाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं. मग लिहायला बसल्या. मी हळूहळू म्हणालो, "तू घाबरलीस, हे मला कळतं. पण माझा आवाज एकदा गेलाय. उरलाय तो या डब्यातला. त्यातलाही अर्धा तू मला न विचारता घेतलास."

"मी काळजीने केलं."

"माहीत आहे. म्हणून बोलावलं. नाहीतर नुसताच पुसून टाकला असता." हे मात्र खोटं होतं. तो काढायचा पासवर्ड लेकीकडे होता, बाईंनी चारदा प्रयत्न करून पाहिला होता. पण मी ते तसंच, ठामपणे म्हटलं.

लेक रडली, चिडली, पुन्हा रडली. पुन्हा पडलीस तर काय करू, असं विचारत राहिली. बाईंनी तिचं ते मात्र ऐकलं. न्हाणीघरात आणि पलंगाशी एकेक बटण बसवायचं, जे दाबलं की शेजारच्या घरी घंटा वाजेल, आणि रोज सकाळी लेकीला एक निरोप पाठवायचा, असं ठरलं. निरोप बाई लिहितील. त्यांना न विचारता कुणी काही ऐकणार नाही की पाठवणार नाही. मग लेकीने मला मांडीवर घेतलं आणि हितचिंतकाला स्वतःच्या हाताने काढून टाकलं. त्या क्षणी मला काय वाटलं म्हणता? अंगावरचा ओला गोणपाट उतरल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वहीत लिहिलं, सात तास वीस मिनिटं. दहा नाहीत. दहा कधीच नव्हते, ते खोक्याचे होते. सात तास वीस मिनिटं माझी आहेत, आणि ती मी कुणापुढेही छाती काढून सांगेन.

सोमवारी बाई व्यवस्थापकाच्या टेबलापुढे मला उघडून उभ्या राहिल्या. वायर त्यांनी मुद्दाम घरी ठेवली होती. त्या बोलत राहिल्या, तो घड्याळ बघत राहिला, तीन तास उलटून गेले तरी मी विझलो नाही, आणि दुपारी तुकडी त्यांच्या नावावर झाली.

आता मी पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत राहतो. अंगावर पाण्याचे थेंब असतात आणि दोन बटणांवरची अक्षरं उडालीत. माझी बॅटरीही एक दिवस खरंच थकेल. तेव्हा ती बदला, खुशाल बदला. पण तोवर, नवं यंत्र लवकर दमलं की लगेच त्याच्यावर खापर फोडू नका. त्याच्या पाठीवर कोण बसलंय ते आधी बघा. माझी विनंती एवढीच, आणि ती मी हात जोडून करत नाहीये.

काल व्यवस्थापक काठावर आला. म्हणाला की कार्यालयात फार आवाज येतो, जरा कमी करता का? बाईंनी माझा आवाज आणखी दोन घरं वर नेला आणि पलीकडच्या टोकाला कुणाचा तरी गुडघा वाकला होता, ते मी सगळ्या तलावाला सांगितलं. दुपारचा दीड वाजला होता आणि माझ्यात एकसष्ट टक्के शिल्लक होते. ज्यांना ऐकायचं नसेल, त्यांनी खिडकी लावून घ्यावी.