मंगळवारचा टॉवेल

मी मंगळवार बोलतोय. वार नाही हो, टॉवेल. मिनेसोटातल्या एका लहानशा गावात चर्चच्या तळघरात स्वयंपाकघर आहे, तिथे मी भांडी पुसतो.

जन्माने मी पिठाचं पोतं, सुती कापडाचं. हे स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या आर्डिसबाईंच्या आईने तशी पोती उसवून सात टॉवेल केले आणि प्रत्येकावर एका वाराचं नाव आणि एक मांजर भरलं. माझं मांजर इस्त्री करतंय. काम मात्र मला रविवारीच, उपासनेनंतर सगळे खाली जेवतात तेव्हा. कारण रविवार नावाचा माझा भाऊ इतका देखणा, की त्याला कुणी हातच लावत नाही. तो खणात घडी होऊन पडलाय. अंगावर डाग नाही आणि जगाची खबरही नाही. बाकीचे भाऊ झिजून गेले.

मागच्या सप्टेंबरात शेजारच्या गावातलं चर्च बंद पडलं. उरलीसुरली माणसं आमच्याकडे आली. त्यात वर्नाबाई होत्या. नवरा गेलेला, मुलं लांब. तिकडचं स्वयंपाकघर जन्मभर त्यांनीच चालवलेलं.

पहिल्याच रविवारी त्या स्वयंपाकघराच्या दाराशी आल्या. "काही मदत करू का?"

"छे, तुम्ही पाहुण्या. बसा," आर्डिसबाई म्हणाल्या.

पुढच्या रविवारीही तेच. आता आमच्याकडची रीत अशी, की तीनदा विचारल्याशिवाय कुणी हो म्हणत नाही आणि दोनदा नको म्हटल्यावर कुणी तिसऱ्यांदा विचारत नाही. गाडं तिथेच अडलं. वर्नाबाई दाराजवळच्या खुर्चीवर कोट घालून बसू लागल्या. आर्डिसबाई त्यांना सगळ्यात आधी वाढायच्या, बटाटा घालून भाजलेल्या पदार्थाचा मोठा तुकडा, वर गाजर घातलेली जेली. पण बाई दर रविवारी थोडं कमी जेवत होत्या.

फेब्रुवारीत पाद्रीसाहेबांनी उपदेश केला, की आपण सगळे ख्रिस्ताच्या एकाच शरीराचे अवयव आहोत. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि खाली येऊन आपापल्या जुन्या टेबलांवर बसले.

जेवणं झाल्यावर वर्नाबाई घरून पदार्थ घालून आणलेलं आपलं भांडं रिकामं झालं म्हणून न्यायला आल्या. "पुढच्या रविवारपासून मी घरीच रेडिओवर उपासना ऐकेन म्हणते."

आर्डिसबाईंचे हात साबणातच थांबले. "का हो? आमचं काही चुकलं?"

"छे, फार छान ठेवता. इतकं छान, की मी अजून पाहुणीच आहे." मग जरा थांबून म्हणाल्या, "पाद्री म्हणतात मी शरीराचा हात. असेन. पण सप्टेंबरपासून तो हात खिशातच आहे."

"मग आत यायचं होतं."

"न बोलावता दुसरीच्या स्वयंपाकघरात? माझ्या आईने नाही हो तसं शिकवलं."

"आणि पाहुणीला भांडी पुसायला लावायची? माझ्याही आईने नाही शिकवलं."

  मी मनात म्हटलं, देवा, या दोन आयांनी मुलींना जरा कमी वळण लावलं असतं तर बरं झालं असतं.

मग आर्डिसबाईंनी खांद्यावरून मला ओढलं आणि वर्नाबाईंच्या हातात कोंबलं. "घ्या. ताटं राहिलीत."

वर्नाबाईंनी मला चाचपलं. "हा तर चिंब ओला आहे. तुम्ही ताटं पुसता की भिजवता?"

संपलं, मला वाटलं. आता रेडिओच.

"पुसा आणि गप्प बसा," आर्डिसबाई म्हणाल्या.

वर्नाबाईंनी कोट काढला, बाह्या सारल्या. इतक्या महिन्यांत त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. प्रभू माणसाला धीर कशातून पाठवील, सांगता येत नाही. त्या दिवशी ओल्या टॉवेलातून पाठवला.

आता मी फार विरलोय. मधोमध भोक पडलंय, मांजराची इस्त्री गेली, नुसताच पंजा उरलाय. तुमच्याकडे कुणी नवं माणूस येऊन दाराशी बसलं असेल, तर त्याला नुसतं वाढत राहू नका. हातात काहीतरी द्या. ओलं असलं तरी चालेल.

माझं म्हणाल, तर वर्नाबाई म्हणतात, "याला लादी पुसायला टाका." आर्डिसबाई म्हणतात, "हात तर लावून बघा, माझ्या आईचा आहे तो." दर रविवारी हेच चालतं. चालू दे. पाहुण्यांशी कुणी भांडत नाही.