दुसऱ्याच्या हातचं पाणी

पुंडलिकरावांना आयुष्यात दोन गोष्टी कधी जमल्या नाहीत, एक गप्प बसणं आणि दुसरी वाट पाहणं. त्या वर्षी संक्रांत झाली आणि नेमक्या ह्याच दोन गोष्टी त्यांच्या बोकांडी बसल्या.

सकाळी तोंडावर पाणी मारलं की ते बगिच्यात जायचे, तिथून नदीवर, नदीवरून घरी, आणि चहाचा कप तसाच ठेवून पुन्हा बगिच्यात. संत्र्याची झाडं नुकती वयात आलेली, यंदा पहिलाच आंबिया बहार धरायचा होता. संत्र्याचा बहार आयता येत नाही. आधी झाडाचं पाणी तोडून त्याला ताण द्यावा लागतो. पानं मलूल होऊन वळली की लगेच पाणी सोडायचं, मग झाड फुलांनी भरतं. ती वेळ हुकली की बहार गेलाच, आणि पाठोपाठ झाडही जातं. पुंडलिकरावांनी ताण दिला होता. पानं वळून चार दिवस झाले होते. विहिरीला खाली काळा पत्थर लागलेला, त्यामुळे तिचा भरवसा नव्हता. सारी भिस्त नदीवर होती.

आणि नदीत पाणी भरपूर होतं. लोधीखेड्याच्या खालच्या अंगाला ही लहानशी नदी कन्हानकडे जाते. अलीकडच्या काठावर पुंडलिकरावांचं गाव, पलीकडच्या काठावर त्यांचे व्याही नत्थूजी ह्यांचं. दरवर्षी दसरा झाला की दोन्ही गावं मिळून नदीत माती-दगडाची पाळ घालायची. पाळीच्या दोन्ही टोकांना एकेक मोरी, म्हणजे पाटात पाणी सोडायची वाट. तिच्यावर दगड बसवून चिखलानं लिंपलेला असे. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मोऱ्या उघडायच्या, पण आपली मोरी आपण उघडायची नाही. इकडची मोरी पलीकडच्या माणसानं उघडायची आणि तिकडची इकडच्या माणसानं. कधीकाळी वाडवडिलांनी ह्याच पाण्यापायी एकमेकांची डोकी फोडली होती, त्यानंतर ही रीत पडली. आपल्या हातानं घेतलेलं पाणी झाडाला चोरीचं लागतं, असं पुंडलिकरावांचे वडील सांगत. आता नत्थूजी इकडची मोरी उघडायचे, पुंडलिकराव तिकडची. आधी कोण जाणार हा प्रश्नच कधी आला नव्हता. ज्याचं जेवण आधी आटोपलं, तो आधी निघायचा.

यंदाही पाळ मिळूनच घातली. मग छप्पन सालच्या ऐन दिवाळीच्या तोंडावर राज्यं बदलली. नत्थूजींचं गाव नागपूरबरोबर मुंबई राज्यात गेलं, पुंडलिकरावांचं गाव सौंसरबरोबर मध्य प्रदेशात राहिलं, आणि राजधानी नागपुरावरून उठून भोपाळला गेली. नदी होती तिथंच होती, पण आता ती हद्द झाली होती. लोधीखेड्याच्या बाजारात कोणी म्हणालं, आता दोन्हीकडचे साहेब बसून पाण्याचा करार करतील, तोवर परक्या राज्यातल्या माणसानं पाळीला हात लावला तर खटला होईल. हे सांगणाऱ्याचं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. ऐकलं मात्र सगळ्यांनी.

संक्रांत गेली, दुसरा दिवस गेला, त्यावर आणखी चार दिवस गेले. नत्थूजी आले नाहीत. ते आले नाहीत म्हणून पुंडलिकरावही गेले नाहीत.

"थो काहून नाही येऊन राहिला?" ते दारातून आत आणि आतून दारात येरझाऱ्या घालत म्हणाले. "पोरगी देली त्यायच्या घरात. एवढा बी लिहाज नाही?"

मनकर्णाबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या. लेक सुनंदा नत्थूजींची सून, म्हणून त्या दोन्ही काठांना जपून बोलत.

"आवो, त्यायले बी असंच वाटत असन. तुमी तरी कुठं गेले?"

"मी काहून जाऊ? मुंबईवाले झाले ना थे आता. आपल्याले परके समजून राहिले."

"सुनंदा बी परकी झाली का मंग?"

पुंडलिकरावांनी पायात वहाणा सरकवल्या. रागावले की ते बाहेर पडत. बगिच्यात येऊन त्यांनी एक पान हातात घेतलं. ते पापडासारखं मोडलं. ही झाडं त्यांनी खांद्यावरून घागरी वाहून जगवली होती. राज्यांनी आपसात काय करायचं ते करावं, झाडांचा त्यात काय गुन्हा होता?

त्यांनी बगिच्यातल्या खोपटातली लोखंडी सब्बल, म्हणजे पहार, उचलली आणि तडक पाळीवर गेले. ठरलं होतं त्यांचं. आपली मोरी आपणच फोडायची. रीतभात गेली खड्ड्यात.

मोरीवरचा चिखल त्यांनी भराभरा खरवडून काढला. सब्बलीचं टोक दगडाखाली घातलं. आता नुसता जोर द्यायचा होता, आणि तोच देता येईना. आज आपण आपली फोडली की उद्या ते त्यांची फोडतील, आणि परवा ज्याच्या अंगात बळ त्याचं पाणी. पुन्हा डोकी फुटतील, आणि त्यातलं एक सुनंदाच्या नवऱ्याचं असेल. हे सगळं त्यांना एकदम दिसलं आणि त्यांनी सब्बल टाकून दिली.

मग ते पाळीवरच उकिडवे बसले. त्यांना स्वतःची लाज वाटत होती, आणि नत्थूजींचा रागही येत होता. बसून बसून एक साधी गोष्ट त्यांच्या डोक्यात आली. चार दिवस दोन्ही गावं पाणी मिळायची वाट पाहत बसली होती. पण रीतीची मनाई आपल्या हातानं पाणी घ्यायला होती, दुसऱ्याला द्यायला कुठं होती?

ते उठले आणि पाळीवरून पलीकडे गेले. हातांनीच चिखल उकरला, एक नख उलटलं, तरी दगड हलवला. भडभडून पाणी नत्थूजींच्या गावच्या पाटात शिरलं.

इकडच्या काठावरून शेजारचा कवडू ओरडला, "काका, आपलं पानी मुंबई राज्यात सोडून राहिले का?"

"हाव," पुंडलिकराव म्हणाले. "दरसाली सोडतो."

कवडू कपाळाला हात लावून गावाकडे पळाला, बहुधा चार माणसं आणायला. पुंडलिकराव मोरीपाशी उभे राहिले. पाणी जात होतं आणि त्यांचा जीवही त्याच्याबरोबर जात होता. नत्थूजी आलेच नाहीत तर? उद्यापर्यंत झाडं गेली म्हणून समजा. ते बसत होते, उठत होते, पाटाकडे बघत होते, पुन्हा बसत होते.

इतक्यात कपाशीच्या पऱ्हाटीतून नत्थूजी येताना दिसले. मान खाली, पावलं भराभर, खांद्यावर सब्बल. पाटाशी आल्यावर त्यांना वाहतं पाणी दिसलं आणि ते जागीच थबकले. वर बघतात तो समोर व्याही. नत्थूजींनी सब्बल पटकन पाठीमागे घेतली. पण सब्बल म्हणजे काही विडीचं थोटूक नव्हे, ती दोन्ही बाजूंनी दिसतच राहिली.

ते कशाला आले होते, हे पुंडलिकरावांना कळलं. चार दिवसांचे सगळे टोमणे जिभेवर आले. पण मघाशी आपणही सब्बल घेऊन काय करायला निघालो होतो, तेही आठवलं.

"या इवाई," ते म्हणाले. "सब्बल आनली थे बरं केलं. माही मोरी लय घट्ट बसली हाये."

नत्थूजींनी सब्बल पुन्हा खांद्यावर घेतली. ते पाळीवरून इकडे आले, पुंडलिकराव त्यांच्या मागोमाग. मोरीपाशी पुंडलिकरावांची सब्बल तशीच पडली होती, दगडाभोवतीचा चिखल खरवडलेला. नत्थूजींनी ते सगळं पाहिलं. पुंडलिकरावांना वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

"चिखल तुमी आधीच काहाळून ठेवला, इवाई," नत्थूजी हळूच म्हणाले. "माहं काम हलकं केलं."

आणि त्यांनी दगड उचलला.